उदयपूरच्या बेटावरचा महाल: घाट, तिकीट आणि बोट यांचा नेमका क्रम

दिवाळीची सुट्टी लागली की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा उदयपूरहून फोन येतो. "अगं, बोटीत बसलो, चांगलं फिरवलं, पण महालात उतरवलंच नाही!" दुसरा ठरलेला फोन असतो, "तिकीट काढून आत आलो, आता कळतंय की बोटीचं वेगळं आहे." क्वचित एखादा सगळ्यांवर कडी करतो. तो भलत्याच तलावात फिरून आलेला असतो.

मला हसायचा अधिकार नाही. पहिल्या खेपेला आई, मावशी आणि दोन पोरं घेऊन गेले होते. रिक्षावाल्याने सोडलं त्या घाटावर जी पहिली बोट दिसली तिची तिकिटं काढली. बेट जवळ आलं, दगडी हत्तींची रांग दिसायला लागली. आईने चपला पायात सरकवल्या, पदर खोचला, दशम्यांची पिशवी खांद्याला लावली. बोट हत्तींच्या समोरून ऐटीत वळली आणि परत निघाली. आई तशीच पिशवी धरून बसलेली. बोटवाल्याची काहीच चूक नव्हती. तिकिटावर "फेरी" असं स्वच्छ लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

त्यानंतर चार वेळा नीट जाऊन आले. त्यातून जो क्रम बसला तो इथे देतेय. दरांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते हंगामागणिक बदलतात आणि जुना आकडा डोक्यात धरून खिडकीशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते.

## १. आधी ठरवा: कुठला महाल?

घोडं सगळ्यात जास्त इथेच पेंड खातं. पिछोला तलावात महाल असलेली ठळक बेटं दोन आहेत.

पहिलं जगनिवास. फोटोत, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकांवर दिसतं ते पांढरंशुभ्र, पाण्यातूनच उगवल्यासारखं. यालाच सगळे लेक पॅलेस म्हणतात. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1740 च्या दशकात बांधलेला हा महाल 1960 च्या दशकापासून हॉटेल आहे. तिथे खोली घेऊन राहणाऱ्यांनाच नेतात. नुसतं बघायला म्हणून तिकीट काढून आत जाता येत नाही. फक्त जेवायला जायचं मनात असेल तर बाहेरच्यांना त्या दिवशी घेतायत का, हे थेट हॉटेललाच फोन करून विचारा. घाटावरचा कुणी "करून देतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

दुसरं जगमंदिर. तलावाच्या दक्षिण भागात, थोडं लांब, पिवळसर घुमटाचं. आपल्यासारख्यांना पाय ठेवता येतो तो महाल हा. लेखात पुढे "बेट" म्हटलंय तिथे जगमंदिरच समजा.

पाण्यात आणखीही काही दिसेल. मोहन मंदिर म्हणून छोटं बांधकाम आहे, अरसी विलास आहे. ती बोटीतूनच बघायची.

सावध: फतेहसागर हा वेगळा तलाव, पिछोल्याच्या उत्तरेला. तिथेही बेट आहे आणि बोटीही चालतात, पण त्या बेटावर नेहरू पार्क नावाची बाग आहे, महाल नाही. रिक्षावाल्याला नुसतं "बोटिंग" सांगितलंत तर तो फतेहसागरला नेईल, आणि त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही "जगमंदिर" म्हणायला हवं होतं. आणि जयपूरचा जलमहाल बघून आलेल्यांनी तोच अनुभव इथे गृहीत धरू नये. तिथे काठावरून बघायचं असतं, इथे खरोखर उतरता येतं.

## २. दिवस पक्का करण्याआधी एक फोन

जगमंदिर लग्नासाठी, मेजवानीसाठी भाड्याने दिलं जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे लग्नाचे महिने आणि नेमके आपल्या सहलीचेही. समारंभ असला की बेटाचा काही भाग किंवा सबंध बेट बंद असतं. कधी दुपारनंतर बोटी सोडत नाहीत, कधी लवकर थांबवतात. मांडव घालायचं काम आदल्या दिवशीपासून चालू असतं, त्यामुळे लग्न उद्या असलं तरी आज बागेत बांबू आणि फुलांचे ढीग दिसू शकतात.

म्हणून दोनदा विचारा. तिकिटं, हॉटेल ठरवताना एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा. राहत्या हॉटेलच्या माणसाला सिटी पॅलेसला (तलावकाठचा मोठा राजवाडा, बेटाच्या बोटी तिथूनच सुटतात) फोन लावायला सांगितलंत तर तो दोन मिनिटांत विचारून देतो. प्रश्न नेमका विचारायचा: "आज जगमंदिर पे उतरने देंगे? आखिरी नाव कितने बजे?" नुसतं "बोट चालू है?" विचारलंत तर उत्तर "हाँ जी" येणार. बोट चालूच असते. प्रश्न उतरण्याचा आहे.

सकाळचा फोन टाळून थेट गेलात तर वरातीमागून घोडं होतं, आणि इथे वरात खरोखरची असते.

ऋतूचं थोडक्यात: पाऊस चांगला झालेल्या वर्षी सप्टेंबरपासून तलाव काठोकाठ असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं, ऊन भाजून काढतं. पावसाळ्यात वारा सुटला की बोटी थांबवतात, तेव्हा त्या दिवसांत जात असाल तर उदयपूरला दोन दिवस तरी ठेवा.

## ३. वेळ: मावळती धरायची की टाळायची?

बोटीचे दर दोन असतात. दिवसाचा साधा आणि मावळतीच्या वेळचा चढा. मावळतीची फेरी सगळ्यांना हवी असते, त्यामुळे तिला रांगही लांब.

उदयपूर आपल्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, त्यामुळे ऋतूप्रमाणे मावळती चांगलीच पुढेमागे होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आसपास बुडतो, जूनमध्ये जवळजवळ साडेसातला. मे महिन्यात जाऊन आलेल्या भावाने "साडेसहाची बोट धर, छान उजेड असतो" सांगितलं आणि तुम्ही डिसेंबरात त्याच वेळेला गेलात, तर अंधार आणि बंद खिडकी बघायला मिळेल. मोबाइलवर त्या तारखेची मावळती बघा आणि तिच्या निदान दोन तास आधी बोटीच्या खिडकीशी असा.

उजेडाचं गणित असं. सिटी पॅलेस तलावाच्या पूर्व काठावर आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीशी असतो, त्यामुळे बोटीतून काढलेल्या फोटोत महालाची भिंत काळपट येते. दुपारी तीननंतर तीच भिंत उजळते. लेक पॅलेसचं उलटं. सकाळी सिटी पॅलेसच्या गच्चीवरून बघितलात तर तो चमकत असतो. तेव्हा सकाळी वरून बघायचं आणि दुपारनंतर पाण्यावर जायचं. माझं मत विचाराल तर मावळतीच्या आधीची, साध्या दरातली शेवटची फेरी सगळ्यात चांगली. उजेड तोच असतो, गर्दी कमी असते आणि बेटावर बसून सूर्य बुडेपर्यंत थांबता आलं तर चढा दर न देता काम होतं. फक्त परतीची शेवटची बोट कधी आहे ते आधी विचारून ठेवा.

तपासा: त्याच संध्याकाळी सज्जनगढलाही सूर्यास्त बघायचा बेत केलाय का? तो खोडा. सज्जनगढ शहराबाहेर डोंगरावर आहे, सूर्य एकच आहे. दोन्ही हवं असेल तर दोन संध्याकाळी ठेवा.

## ४. आदल्या रात्रीची तयारी

फार काही लागत नाही, पण लागतं ते विसरलं की चिडचिड होते.

सगळ्यांची ओळखपत्रं एका पाकिटात घाला. पोरांना सवलत हवी असेल तर वयाचा किंवा शाळेचा पुरावा त्याच पाकिटात. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण जुन्या महालाच्या जाड भिंतींत नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून रोख ठेवा. टोपी, पाण्याची बाटली, हिवाळ्यात शाल. दुपारी घामाने भिजवणारा तलाव सूर्य कलला की हुडहुडी भरवतो, ही गोष्ट मुंबईकरांना पटवणं कठीण असतं.

पायात पट्ट्याच्या चपला किंवा बूट. सटकणाऱ्या चपलांनी बोटीत चढताना हमखास एक चप्पल पाण्यात जाते. टाचांच्या चपला तर नकोच. मोठ्या बॅगा खोलीवर राहू द्या. ड्रोन घरीच ठेवा, महालाच्या आवारात परवानगीशिवाय चालत नाही. डबा घेऊन जाणाऱ्यांसाठी: बेटावर स्वतःचं उघडून बसता येत नाही असंच धरून चाला. दशम्या खायच्याच असतील तर आत शिरण्याआधी. आईच्या त्या पिशवीतल्या शेवटी जगदीश मंदिराजवळ संपल्या.

## ५. कुठल्या दाराने, कुठल्या घाटाला

आता मुख्य गोष्ट. जगमंदिरावर उतरवणारी बोट सिटी पॅलेसच्या आवारातल्या रामेश्वर घाटावरून सुटते. बाहेरून पाण्याच्या कडेकडेने चालत गेलं की हा घाट लागतो, असं नाही. आधी सिटी पॅलेसच्या आवारात शिरावं लागतं.

आत जायच्या वाटा दोन धरा.

जगदीश चौकाकडून बडी पोळ, म्हणजे मोठा दरवाजा. सिटी पॅलेसमधलं संग्रहालय बघायचं असेल तर ही वाट सोयीची. रिक्षावाल्याला "जगदीश चौक" सांगा. जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. स्वतःची गाडी किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत घुसण्याचा हट्ट करू नका. गाडी बाहेर लावा आणि रिक्षा करा. चौकातून बडी पोळ चालत काही मिनिटांवर आहे.

दुसरी दक्षिणेकडून, दूध तलाईच्या बाजूने, शीतला माता गेट म्हणतात ती. फक्त बोट करायची असेल, संग्रहालय नको असेल, सोबत गुडघेदुखीवाले असतील तर ही बरी.

आणि लाल घाट, दूध तलाई इथल्या बोटी? त्या वाईट नाहीत, स्वस्त असतात, तलावात फेरी मारून आणतात. पण बहुतेक बेटाला लागत नाहीत. ज्यांना फक्त पाण्यावर फिरायचंय त्यांनी खुशाल त्या घ्याव्यात. पैसे देण्याआधी एकच वाक्य बोला: "जगमंदिर पे उतारोगे, या सिर्फ चक्कर?" उत्तरात "पास से दिखाएंगे" आलं तर त्याचा अर्थ उतरवणार नाही.

सावध: "जगमंदिर आज बंद है, मेरी नाव ले लो" असं कुणी गल्लीत सांगितलं तर सकाळच्या फोनवर विश्वास ठेवा. बंद असेल तर सिटी पॅलेसची खिडकीच सांगेल.

## ६. तिकिटं: काय कशात येतं

इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

आवारात शिरण्याचं शुल्क. हे थोडं असतं आणि त्यात फक्त आवारात जाता येतं. संग्रहालयाचं तिकीट. यात महालाची दालनं बघता येतात. बोटीचं तिकीट. हे वेगळं, संग्रहालयाच्या तिकिटात येत नाही, आणि बोटीच्या तिकिटावर संग्रहालयात सोडत नाहीत.

म्हणजे खिडकीशी पोचण्याआधी घरातल्या मंडळींची मतं घेऊन झालेली हवीत. कोण दालनं बघणार, कोण फक्त बोटीत येणार. सहा माणसांच्या कुटुंबात चार संग्रहालय आणि सहा बोट असंही करता येतं. सगळ्यांची सगळी तिकिटं काढायची आणि मग काकांनी "मी इथेच बसतो" म्हणायचं, हा प्रकार मी दरवेळी बघते.

तिकीट हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी तीन गोष्टी वाचा:

- बोटीच्या तिकिटावर साधी फेरी आहे की मावळतीची, आणि वेळ छापली असेल तर कुठली.
- माणसं आणि मुलं मोजून बरोबर आहेत का.
- परतीचा प्रवास यातच धरलाय का. तोंडी विचारा: "वापसी इसी टिकट में है?"

ऑनलाइन काढली असतील तर मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. दाराशी उभं राहून मेल उघडायचा प्रयत्न करणारे आणि त्यांच्यामागे खोळंबलेली रांग, हे चित्र रोजचं आहे.

## ७. संग्रहालय आधी, बोट नंतर

याचं कारण वेळेचं आहे. संग्रहालय सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडतं आणि प्रवेश संध्याकाळी बोटींच्या आधीच बंद होतो. बोट आधी केली आणि बेटावर रमलात, तर परत येईपर्यंत संग्रहालयाचं दार मिटलेलं असतं. आणि उजेडाचं गणित वर सांगितलंच.

संग्रहालयाला दोन ते अडीच तास धरा. वाट एकाच दिशेने जाते, मध्येच मागे फिरता येत नाही. जिने अरुंद, पायऱ्या उंच, दारं बुटकी. डोकं सांभाळा, हे मी उंच माणसांसाठी लिहितेय असं समजू नका. मी पाच फूट दोन इंच आहे आणि माझ्याही कपाळाला टेंगूळ आलंय. गर्दीच्या दिवसांत त्या जिन्यांवर माणसं एकापाठोपाठ एक सरकत असतात आणि मध्येच कुणी फोटोला थांबलं की सगळी साखळी अडते. दम लागणाऱ्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी हा भाग वगळलेला बरा. त्यांना महालासमोरच्या माणेक चौकात सावलीत बसवून जा आणि भेटायची जागा आधी ठरवा, कारण बाहेर पडल्यावर पुन्हा आत शिरता येत नाही.

मोर चौकातले काचेचे मोर आणि वरच्या मजल्यावरची बाग, एवढ्या दोन ठिकाणी वेळ काढा. वरती झाडं कशी, असं पोरं विचारतील. महाल टेकडीभोवती बांधलाय, बाग टेकडीच्या माथ्यावर आहे, म्हणून जिने चढून गेल्यावर पुन्हा जमीन लागते. लेक पॅलेसचा फोटो खिडक्यांमधून इथेच काढा.

बाहेर आल्यावर लगेच बोटीकडे पळू नका. पाणी प्या, स्वच्छतागृह वापरा, काहीतरी खा. मग उताराने रामेश्वर घाटाकडे चाला. दहा मिनिटं धरा, आजी असतील तर वीस.

तपासा: घाटाकडे निघताना मावळतीला किती वेळ आहे? दीड तासापेक्षा कमी असेल तर बेटावर निवांत बसायला मिळणार नाही. मग बाकी सगळं सोडा आणि सरळ चालायला लागा.

## ८. बोटीत चढताना

घाटावर लाइफ जॅकेट देतात. नारिंगी, जड, बहुतेक वेळा आधीच्या माणसाच्या घामाने किंवा पाण्याने ओलसर. नाक मुरडून हातात धरून बसणारे पुष्कळ असतात. घाला, आणि कंबरेचा पट्टा लावा. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. पोरांना लहान मापाचं मागा, मोठं घालून भागवू नका.

चढायची पद्धत साधी आहे पण गर्दीत सगळे विसरतात. बोट काठाला लागलेली असली तरी हलत असते. हातातलं सामान आधी आत दिलेलं बरं. बोटवाल्याचा हात मनगटाशी धरायचा, बोटांशी नाही. पाय कडेवर न ठेवता सरळ बोटीच्या मध्ये ठेवायचा आणि लगेच बसायचं. साडी असेल तर निऱ्या एका हाताने वर धरा, दुसरा हात बोटवाल्याला द्या. मोबाइल त्या क्षणी पर्समध्ये. चढतानाचा व्हिडिओ काढायच्या नादात फोन पाण्यात गेलेला मी समोर बघितलाय, आणि तलाव तो परत देत नाही.

कडेची जागा मिळाली तर घ्या, पण जागेसाठी बोट सुरू झाल्यावर उठू नका. सगळे एका बाजूला फोटोला झुकले की बोट कलते आणि बोटवाला ओरडतो. ओरडू द्या, त्याचं बरोबर असतं.

बोट बहुधा आधी काठाकाठाने घाटांसमोरून जाते, लेक पॅलेसच्या जवळून वळसा घेते आणि मग बेटाकडे येते. लेक पॅलेस जवळ आला की बोटीत हमखास कुणीतरी उठून उतरायच्या तयारीला लागतं. तुम्हाला आता माहीत आहे, तुम्ही बसून राहा.

## ९. बेटावर उतरल्यावर

हत्तींच्या रांगेशी बोट लागते. उतरल्याबरोबर, फोटोच्या आधी, धक्क्यावरच्या माणसाला विचारा: परतीची शेवटची बोट कधी? आणि इथूनच मिळेल ना? साधारणपणे आलात त्याच बोटीने परतायची सक्ती नसते, पुढची कुठलीही धरता येते. पण हे त्या दिवशी विचारलेलं चांगलं. समारंभ असेल तर नियम बदलतो.

आता अपेक्षांबद्दल, कारण नाराज होऊन परतणारे इथेच होतात. बेटावर राजाची शय्या, सिंहासन, शस्त्रं असं काही नाही. ते सगळं सिटी पॅलेसमध्ये. इथल्या बऱ्याच खोल्या पाहुण्यांच्या राहण्याच्या आणि जेवणाच्या आहेत, त्यांची दारं आपल्याला बंद असतात. बघायचंय ते बाहेरचं: काळ्या-पांढऱ्या फरशीचं अंगण, बाग, कमानी, पाण्याला लागून असलेले कट्टे. आणि गुलमहाल.

गुलमहाल म्हणजे तो पिवळसर दगडाचा, तीन मजली, घुमटाचा बुरूज. बापाशी, म्हणजे जहांगीराशी, बंड करून निघालेल्या शहाजादा खुर्रमला मेवाडच्या महाराणांनी 1620 च्या दशकात इथे आसरा दिला होता. तो पुढे शाहजहान झाला. ताजमहालाची कल्पना त्याला इथेच सुचली, असं गाईड हमखास सांगतो. ते गाईडचं म्हणणं म्हणून ऐकायचं. बघायची गोष्ट आतली जडावाची नक्षी. ती दिसायला डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. उन्हातून आत गेलेली माणसं दहा सेकंदांत "काही नाही इथे" म्हणून बाहेर येतात. भिंतीच्या बाजूला उभं राहा, अर्धा मिनिट थांबा, मग रंग दिसायला लागतात.

खायची जागा बेटावर आहे, पण दर मोठ्या हॉटेलचे आहेत. पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे रडारड होते. चहा घेणार असाल तर बसण्याआधी मेनू मागा. उशीर किती लागेल तेही विचारा, कारण चहा येईपर्यंत बोट गेलेली परवडणारी नसते.

सावध: कठड्यांवर पोरांना बसवून फोटो काढू नका. पलीकडे लगेच खोल पाणी आहे.

पाऊण तास ते तास एवढा वेळ पुरतो. बसून राहण्याची ज्यांना हौस आहे त्यांना दोन तासही कमी पडतील. मी पश्चिमेकडच्या कट्ट्यावर बसते. तिथून डोंगरांच्या रांगेत सूर्य उतरताना दिसतो, मागे लग्नाच्या दिवसांत कुणीतरी खुर्च्यांना पांढरी कापडं चढवत असतं.

## १०. परतीची बोट

शेवटच्या बोटीवर विसंबू नका. तिच्या आधीची धरा. शेवटच्या बोटीला सगळं बेट लोटतं, ढकलाढकली होते आणि अंधारात उतरताना पाय चुकतो. धक्क्यावर रांग लावतानाच माणसं मोजा. आमच्याकडे मावशी एकदा गुलमहालाच्या मागे सावलीत डुलक्या काढत राहिली होती आणि आम्ही बोटीत बसल्यावर लक्षात आलं.

तिकिटाचा उरलेला तुकडा परत येईपर्यंत टाकू नका. परतताना मागू शकतात.

हिवाळ्यात मावळती लवकर होत असल्याने नंतर संध्याकाळ शिल्लक राहते. गणगौर घाटावरच्या बागोर की हवेलीत संध्याकाळी सातला नाचगाण्याचा कार्यक्रम असतो. सिटी पॅलेसमधून बाहेर पडून चालत जाता येतं. तिथली तिकिटं मात्र गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात, तेव्हा एकाला आधी पुढे पाठवा.

## बेट बंदच निघालं तर

होतं असं. लग्न, वारा, कुणी मोठा पाहुणा, काहीही कारण असतं. खिडकीशी वाद घालून उपयोग नाही, त्या माणसाच्या हातात काही नसतं.

दुसरा दिवस हाताशी असेल तर सकाळची पहिली फेरी विचारा. समारंभ बहुधा संध्याकाळचे असतात, सकाळी बेट मोकळं असण्याची शक्यता जास्त. फोटोत सिटी पॅलेस काळपट येईल, तेवढं चालवून घ्या.

दुसरा दिवस नसेल तर लाल घाटाची साधी फेरी घ्या. आता ती कशाची आहे हे माहीत असल्यामुळे चिडचिड होणार नाही. नाहीतर पश्चिम काठावर अंबराई घाटावर जाऊन बसा. तिथून सिटी पॅलेसची सगळी लांबी आणि लेक पॅलेस एका नजरेत येतो, आणि मावळतीचा उजेड थेट समोरच्या भिंतीवर पडतो. जागा धरायला तासभर आधी जा. पायऱ्या दगडी आहेत, थंडीत गार लागतात, बसायला काहीतरी न्या. आईने त्या पहिल्या खेपेला दशम्यांची रिकामी पिशवी घडी करून खाली घेतली होती.